डोंगर नाही, हिम नाही, तरी हंगेरीला विंटर ऑलिम्पिकचं गोल्ड कसं मिळालं?

रंकाळा_पहाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. विषय आपल्याकडचा नाही, पण इथं खेळातली दर्दी माणसं हायत म्हणून विचारतोय. माझी लेक दहा वर्षांची, तीन वर्षं झाली इनलाइन स्केटिंग करते, म्हणजे एका रांगेत चाकं असलेले बूट घालून, रोज पहाटे साडेपाचला गाडीवरनं घेऊन जातो. परवा तिच्या सरांनी ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला, २०१८ च्या प्योंगचांग विंटर ऑलिम्पिकमधली शॉर्ट ट्रॅकची, म्हणजे छोट्या रिंकवरच्या आइस स्केटिंगची, पुरुषांची ५००० मीटर रिले. बॅटन बिटन काय नाही, एक जण वाकून पुढं येतो, मागचा त्याच्या कमरेवर दोन्ही हात ठेवून असा काय ढकलतो की तो गोळीसारखा सुटतो, आणि सगळं संपल्यावर पहिली आली हंगेरी. पोरीनं त्या दिवशी तो व्हिडिओ वीस-एक वेळा तरी बघितला असेल, ताटातली भाकरी वाळून कडक झाली तरी हिचं डोकं मोबाईलात.

मग प्रश्न सुरू. पप्पा हंगेरी कुठं हाय, तिथं लई बर्फ पडतो काय, तिथली पोरं डोंगरावर राहतात काय. मी नकाशा काढून दाखवायला गेलो तर मीच चक्रावलो. समुद्र नाही ते सोडा, डोंगर पण नावाला. सगळ्यात उंच शिखर केकेश, १०१४ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर हाय, आणि महाबळेश्वर पण त्या केकेशपेक्षा उंच. मला तर हंगेरी म्हटलं की वॉटरपोलो, पोहणं आणि तलवारबाजी एवढंच ठाऊक होतं. मग ह्यांनी विंटर ऑलिम्पिकचं गोल्ड आणलं कुठनं?

दुसरं म्हणजे त्या टीममधले दोघं सख्खे भाऊ, आडनाव लिउ, आणि आता ते हंगेरीकडनं खेळत नाहीत, चीनला गेले असं वाचलं. हे पोरीला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगावं?

विचारायचं कारण पण सांगतो. आमची प्रॅक्टिस सिमेंटच्या कोर्टवर चालते, त्याला भेगा पडल्यात. गेल्या पावसाळ्यात एका भेगेत चाक अडकून लेक आपटली, कोपर सोलून निघालं, आणि जागा ज्यांच्या ताब्यात हाय ते म्हणाले की आता पावसाळाभर इथं येऊच नका. पाहुण्यांत दोन-चार जण तोंडावर म्हणतात, कोल्हापुरात चाकांवर फिरून पोरीचं काय होणार. मला त्यांना उत्तर द्यायचं नाही. पण पोरीला खोटं स्वप्न पण दाखवायचं नाही, म्हणून खरी माहिती पाहिजे.

---

डेब्रेसेनकर

दादा, मी मूळचा राजारामपुरीतला, दोन वर्षं झाली हंगेरीत डेब्रेसेनला स्कॉलरशिपवर शिकायला हाय. तुमच्या लेकीचा प्रश्न मला पण इथं आल्यावर पहिल्या थंडीत पडला होता, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

आपण मराठीत आभाळातनं पडतं त्याला पण बर्फ म्हणतो आणि रसवंतीच्या पेटीत असतो त्याला पण बर्फच म्हणतो, गडबड तिथंच होते. डोंगर लागतो तो हिमाला, स्कीइंगला. स्केटिंगला डोंगर नको, गोठलेलं सपाट पाणी पाहिजे. आता बघा, हंगेरी १९२४ च्या पहिल्या विंटर ऑलिम्पिकपासून एक पण न चुकवता जात आलीय, आणि बीजिंग २०२२ पर्यंत त्यांची १० मेडल झाली. २ गोल्ड, २ सिल्व्हर, ६ ब्राँझ. ती दहाच्या दहा स्केटिंगची हायत. स्कीवर एक पण नाही. उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये हाच देश पावणेदोनशेच्या वर गोल्ड घेऊन बसलाय, त्याच्यापुढं १० म्हणजे किती थोडी, पण ती कुठनं आली ते बघण्यासारखं हाय.

डोंगर नाहीत त्याला इतिहास पण हाय. पहिल्या महायुद्धाआधी हंगेरीचं राज्य मोठं होतं, उंच तात्रा पर्वत त्यांच्यातच होता. १९२० च्या त्रियानोंच्या तहात दोन तृतीयांश मुलूख गेला, त्यात ते पर्वत पण गेले. इथली म्हातारी माणसं अजून तो विषय निघाला की गप्प होतात. स्कीइंगचे डोंगर गेले, पण बुडापेस्टमधलं तळं राहिलं.

तळं म्हणजे वारोशलिगेत नावाच्या बागेतलं. शहराच्या मधोमध. तिथं १८७० साली स्केटिंग सुरू झालं, आदल्याच वर्षी क्लब निघाला होता. सुरुवातीला थंडीत तळं आपोआप गोठायचं त्याच्यावर खेळायची माणसं, काठावर कपडे बदलायला एक लाकडी खोपटं. नंतर १९२६ ला मशीनवर बर्फ तयार करायला लागले, म्हणजे थंडी किती पडते त्याच्यावर अवलंबून राहायचं कारण उरलं नाही. उन्हाळ्यात त्याच तळ्यात होड्या चालतात, आपल्या रंकाळ्यासारख्या. थंडी आली की पाणी काढून रिंक.

मी तिथं गेलोय. गेल्या डिसेंबरात बुडापेस्टला एका मित्राकडं राहिलो होतो, संध्याकाळी घेऊन गेला. बाजूला किल्ल्यासारखी वायदाहुन्यादची वास्तू, दिवे लागलेले, आणि खाली एवढं मोठं मैदान पांढरं, त्याच्यावर शेकड्यानं माणसं गोल फिरायलेली. मी भाड्याचे स्केट घातले, त्याला इथं कोर्चोया म्हणतात, आणि कठडा धरूनच उभा राहिलो अर्धा तास. माझ्या शेजारनं सत्तरीतली एक आजी हात पाठीमागं बांधून, आपण अंगणात शतपावली घालतो तशी निवांत गेली. तिच्या मागं चार-पाच वर्षांचं पोरगं, बहुतेक नातू असावा, पडलं, हातमोजे ओले झाले, रडलं नाही, उठलं आणि परत तिच्या मागं. आजीनं मागं वळून बघितलं पण नाही. मला तेव्हा कळलं गोल्ड कुठनं येतं ते. दीडशे वर्षं ह्या गावात आजी नातवाला बर्फावर आणून सोडते.

---

बर्फावरची_रेघ

डेब्रेसेनकर भावानं छान लिहिलंय. मी पुण्यात असते, माहेर कोल्हापूर, मंगळवार पेठ. फिगर स्केटिंग बघायचं मला कॉलेजपासूनचं वेड, त्यामुळे ती १० मेडल जरा उलगडून सांगते, कारण लेकीला ऐकायला आवडेल.

गोष्ट बायकांपासून सुरू होते, हे आधी सांगते. लिली क्रोनबर्गर, १९०८ ते १९११ सलग चार वेळा वर्ल्ड चॅम्पियन. बायकांनी संगीतावर स्केटिंगचा कार्यक्रम बसवायचा, ही पद्धत पाडणाऱ्या पहिल्या काही जणींत तिचं नाव येतं. तिच्यानंतर लगेच ओपिका मेराय होर्वाथ, १९१२ ते १९१४. म्हणजे पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी सलग सात वर्षं जगातली पहिली बाई हंगेरीचीच. सात वर्षं! विंटर ऑलिम्पिक तेव्हा जन्माला पण आलं नव्हतं.

मग जोड्यांचा जमाना. एमिलिया रोटर आणि लास्लो सोलाश, १९३२ आणि १९३६ ला ब्राँझ, आणि वर्ल्ड चॅम्पियन चार वेळा. १९४८ ला आंद्रेया केकेशी आणि एदे किराय यांचं सिल्व्हर. मग नागी बहीणभाऊ, मारियान्ना आणि लास्लो, १९५२ आणि १९५६ ला ब्राँझ. ही पाच झाली. सहावं १९८० ला लेक प्लॅसिडमध्ये, आइस डान्समध्ये क्रिस्तिना रेगोत्सी आणि आंद्राश शालाय यांचं सिल्व्हर, आणि त्याच वर्षी ते दोघं वर्ल्ड चॅम्पियन पण झाले.

आणि त्यानंतर ३८ वर्षं काही म्हणजे काहीच नाही. दर चार वर्षांनी टीम जायची आणि हात हलवत परत यायची. मधे २००४ ला युलिया शेबेश्त्येन युरोपियन चॅम्पियन झाली, ती पण घरच्या बुडापेस्टमध्ये, पण ऑलिम्पिकचं मेडल हुलकावणी देतच राहिलं. एका पिढीची लग्नं झाली, पोरं झाली, पोरं मोठी झाली, तरी नाही.

म्हणून २२ फेब्रुवारी २०१८ ची ती रेस मी कधीही लावली तरी अंगावर काटा येतो. दादा, लेकीबरोबर परत बघाल तेव्हा ह्या गोष्टी दाखवा तिला. एक लॅप १११.१२ मीटरचा, असे ४५ लॅप. चौघांत वाटून. ज्याची पाळी नाही तो आतल्या बाजूनं फिरत राहतो, थांबत नाही, आणि बरोबर वेळ साधून पुढच्या टीममेटच्या समोर येऊन वाकतो. इतर तीन देशांची माणसं पण तेच करत असतात, म्हणजे एका छोट्या रिंकवर एका वेळी सोळा जण आणि प्रत्येकाच्या पायात पातं. वळणावर डावा हात बर्फाला टेकतो, तेव्हा मोज्याच्या बोटांवर कडक टोप्या लावलेल्या दिसतील, बोटं बर्फावर घासून अडकू नयेत म्हणून. शेवटचे दोन लॅप एकानंच मारायचे, तिथं बदल चालत नाही. त्या फायनलमध्ये कोरियाचा खेळाडू घरच्या प्रेक्षकांसमोर पडला, आणि अखेरीला हंगेरी पहिली, चीन दुसरा, कॅनडा तिसरा. वेळ ६ मिनिटं ३१.९७१ सेकंद, ऑलिम्पिक रेकॉर्ड. सरासरी काढली तर एका लॅपला पावणेनऊ सेकंद सुद्धा नाही, ताशी ४५ किलोमीटरच्या वर. आपण स्टेशन रोडला गाडी ह्याच्यापेक्षा हळू चालवतो.

चौघांची नावं पाठ करून घ्या तिच्याकडून. लिउ शाओलिन शांडोर, लिउ शाओआंग, व्हिक्टर क्नोख, चाबा बुर्यान. सगळे दोन भावांचीच नावं घेतात, पण रिलेत क्नोख आणि बुर्यानचा धक्का नसता तर तेही जिंकले नसते.

---

खासबाग_कट्टा

रंकाळा_पहाट, मी वयानं थोरला आहे म्हणून एकेरीत लिहितो, राग नसावा.

वरच्या पोरानं आजीचं सांगितलं ते वाचून मला आपली तालीम आठवली. माझे वडील गंगावेशला जायचे. तिथं कुणी कुणाला बोलवायला जात नसे. आजोबा जायचे म्हणून बाप, बाप जायचा म्हणून पोरगं. तांबड्या मातीला ताक, लिंबू, हळद, तेल घालून ती मळायची, ते काम पण पोरांनीच करायचं. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग बांधलं, पण त्याच्या आधी आणि नंतर पेठापेठांत तालमी उभ्या राहिल्या म्हणून मैदान भरलं. नुसतं मैदान बांधून पैलवान होत नाहीत. आपल्याकडचा फुटबॉल बघ. बाहेरच्या माणसाला पटत नाही की महाराष्ट्रातल्या एका गावात फुटबॉलसाठी एवढी गर्दी होते, पण त्या टीमच मुळात तालीम मंडळांच्या आहेत, मातीतनं निघून गवतावर गेल्या.

बुडापेस्टचं ते तळं म्हणजे त्यांची तालीमच झाली की.

आणि ३८ वर्षांचं म्हणशील तर आपण त्याहून जास्त थांबलोय. खाशाबा जाधव, १९५२, हेलसिंकी, कुस्तीत ब्राँझ. गाव गोळेश्वर, कराडजवळचं, पण शिकले आपल्या राजाराम कॉलेजात. त्यांना पाठवायला पैसे कमी पडले तेव्हा प्रिन्सिपल खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्यानंतर महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक मेडल मिळालं ते थेट २०२४ ला, पॅरिसमध्ये, स्वप्नील कुसाळेला, नेमबाजीत. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा. ७२ वर्षं! कांबळवाडीत काय शूटिंगची परंपरा होती? नव्हती. पण कोल्हापूरनं त्याच्या आधी तेजस्विनी सावंत दिली, राही सरनोबत दिली, म्हणजे वाट कुणीतरी पाडलेली होती. तुझ्या पाहुण्यांना हे नाव सांगायची पण गरज नाही, पोरीला मात्र नक्की सांग.

---

पेठेतला_गोलकीपर

सगळं बरोबर हाय काका पण मला एक खटकतंय, बोलू का. गोल्ड हंगेरीचं हंगेरीचं म्हणायचं आणि त्यातले दोघं अर्धे चिनी, कोच चिनी, आणि शेवटी गेले पण चीनलाच. मग त्यात हंगेरीचं काय राहिलं? दुसरं, त्याच २०१८ ला हंगेरीकडनं एक बाई फ्रीस्टाइल स्कीइंगच्या हाफपाइपमध्ये उतरलेली, एलिझाबेथ स्वेनी, ती मूळची अमेरिकन, आजी-आजोबा हंगेरीचे म्हणून हंगेरीकडनं खेळली. हाफपाइप म्हणजे अर्ध्या नळीसारखा हिमाचा उतार, त्यात उड्या मारून गिरक्या घ्यायच्या असतात, ती नुसती ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ गेली आणि खाली आली, २४ जणींत शेवटची. पात्र कशी झाली तर ज्या स्पर्धांत खेळाडूच कमी असतात तिथं जाऊन न पडता पॉइंट गोळा केले. मला तरी हे पटलं नाही. एक जागा असते ऑलिम्पिकची, तिथं कुणीतरी पोरगी खरंच वर्षानुवर्षं घासत असते.

---

बर्फावरची_रेघ

गोलकीपर दादा, स्वेनीबद्दल तुमच्याशी सहमत. नियमात बसत होतं, पण मला पण बघताना वाईट वाटलं होतं, आणि हंगेरीत सुद्धा त्याच्यावर बरीच टीका झाली, निवड कशी करायची ह्याचा परत विचार करू असं त्यांच्या ऑलिम्पिक कमिटीला म्हणावं लागलं.

पण लिउ भावांचं तसं नाही. ते दोघं जन्माला बुडापेस्टमध्ये आले, आई हंगेरियन, बाबा चिनी. लहानपणी काही काळ चीनला जाऊन ट्रेनिंग घेतलं हे खरं, पण घर बुडापेस्ट, भाषा हंगेरियन. त्यांना अर्धे म्हणायचं म्हणजे ज्या आईनं त्यांना तिथं वाढवलं तिला बाजूला काढल्यासारखं होतं. कोच लिना झांग चिनी होत्या, त्यात वावगं काय? आपल्याकडं पण बाहेरनं कोच येतातच की.

बीजिंग २०२२ मध्ये काय झालं ते सांगते, म्हणजे ते हंगेरीसाठी किती जीव तोडून खेळले ते कळेल. १००० मीटरची फायनल. शाओलिन शांडोर रेषेवर पहिला पोचला. चीनच्या रेन झिवेईबरोबर शेवटच्या क्षणी झटापट झाली होती, रेफ्रींनी बराच वेळ व्हिडिओ बघितला आणि शाओलिनला यलो कार्ड देऊन बाद केलं. गोल्ड रेन झिवेईला. आणि त्या निकालामुळं ब्राँझ कुणाला गेलं, तर धाकट्या भावाला, शाओआंगला. थोरल्याचं गोल्ड गेलं त्याच घटकेला धाकट्याच्या गळ्यात मेडल. त्या घरात त्या रात्री काय झालं असेल ह्याचा मी कितीतरी वेळा विचार केलाय. आणि सहा दिवसांनी त्याच शाओआंगनं ५०० मीटरचं गोल्ड मारलं, विंटर ऑलिम्पिकमधलं हंगेरीचं पहिलं वैयक्तिक गोल्ड. मिक्स्ड रिलेचं ब्राँझ पण होतंच, त्यात पेत्रा यासापाती आणि झोफिया कोन्या ह्या दोघी मुली होत्या, आणि जॉन हेन्री क्रूगर, जो २०१८ ला अमेरिकेकडनं सिल्व्हर घेऊन नंतर हंगेरीकडनं खेळायला आला. म्हणजे एकाच दारानं माणूस आत पण येतो आणि बाहेर पण जातो.

त्याच वर्षाच्या शेवटी दोघा भावांनी जाहीर केलं की आता चीनकडनं खेळणार. कोच आधीच चीनला गेल्या होत्या. हंगेरीत लोकांना लागलं, लागणारच.

---

डेब्रेसेनकर

लागलं म्हणजे काय, माझा रूममेट इथलाच, मिश्कोल्त्सचा, त्याच्यासमोर मी एकदा सहज विषय काढला तर तो दोन मिनिटं काहीच बोलला नाही. मग म्हणाला, २०१८ ला मी शाळेत होतो, सरांनी तास थांबवून रेस लावली होती, आम्ही सगळे बाकावर उभे राहून "हायरा मॉद्यॉरोक" ओरडत होतो. हायरा मॉद्यॉरोक म्हणजे हंगेरीवाल्यांनो पुढं चला, आपण "चांगभलं" म्हणतो तेवढ्या तोंडातलं. म्हणाला, ते गेले म्हणून मी बाकावरनं उतरलेलो नाही. एवढंच बोलला. मला वाटतं दादा, लेकीला असंच सांगा. ते जिंकले तेव्हा हंगेरीसाठी जिंकले, नंतर गेले, दोन्ही खरं हाय. दहा वर्षांच्या पोरीला हे कळतं. तिच्या वर्गातली एखादी मैत्रीण बापाची बदली झाली म्हणून दुसऱ्या शाळेत गेलीच असेल.

आणि गोलकीपर भावा, हंगेरीचं काय राहिलं विचारतोस तर कर्लिंगचं ऐक. कर्लिंग म्हणजे बर्फावर तो दगड सरकवायचा आणि पुढं झाडूनं घासत जायचं. दोरोत्या पालांचा आणि झोल्ट किश, एक बाई एक पुरुष, मिक्स्ड डबल्समध्ये २०१३ ला वर्ल्ड चॅम्पियन आणि २०१५ ला परत वर्ल्ड चॅम्पियन. तेव्हा हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये नव्हता. २०१८ ला पहिल्यांदा आला, आठच देशांना जागा, आणि त्यात हंगेरी बसली नाही. दोनदा जगज्जेते आणि ऑलिम्पिकचं दार उघडलं तेव्हा बाहेर. ह्यांची नावं इथं पण फारशी कुणाला माहीत नाहीत. आइस हॉकीत पण बघ, २०१६ ला वरच्या गटाच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये बेलारूसला हरवलं, त्या गटात हंगेरीचा मागचा विजय १९३९ चा होता. एका मॅचसाठी ७७ वर्षं थांबली ही माणसं, आणि हरलेल्या मॅचनंतर पण स्टँडमध्ये उभी राहून राष्ट्रगीत म्हणतात.

---

पेठेतला_गोलकीपर

कर्लिंगचं माहीत नव्हतं. आईचं जे लिहिलं ताईंनी ते पण पटलं, अर्धे म्हणायला नको होतं. शब्द मागं घेतो.

---

आठ_चाकं

उशिरा आलो चर्चेत. मी सांगलीत मुलांना स्केटिंग शिकवतो, बारा-तेरा वर्षं झाली. दादा, तुमचा खरा प्रश्न मला वाटतं हंगेरीचा नाहीच, लेकीचा आहे, तर त्याच्यावर बोलतो.

चाकांवरनं बर्फावर जाता येतं. हे मी धीर द्यायला म्हणत नाही, झालेलं आहे म्हणून म्हणतो. बेल्जियमचा बार्ट स्विंग्स, इनलाइनचा वर्ल्ड चॅम्पियन, तो २०२२ ला बीजिंगमध्ये स्पीड स्केटिंगच्या मास स्टार्टमध्ये, म्हणजे सगळे एकदम सुटतात त्या रेसमध्ये, गोल्ड घेऊन गेला. बेल्जियम पण सपाटच देश. अमेरिकेची एरिन जॅक्सन, ती फ्लोरिडाची, जिथं थंडी म्हणून पडत नाही, ती पण इनलाइनमधनंच आली आणि त्याच बीजिंगला ५०० मीटरचं गोल्ड. शरीर खाली ठेवून मांडीवर बसायची जी पद्धत आहे, वजन एका पायावरनं दुसऱ्यावर टाकायची जी लय आहे, ती दोन्हीकडं एकच. फरक पडतो तो कडेचा. चाक घासतं आणि पकडतं, पातं कापतं. शॉर्ट ट्रॅकचं पातं तर सरळ पण नसतं, वळणाच्या दिशेनं किंचित वाकवलेलं असतं आणि बुटाच्या मधोमध न बसवता डावीकडं सरकवलेलं असतं, कारण सगळी वळणं डावीकडंच. ते अंगवळणी पडायला बर्फच लागतो.

बर्फ आपल्याकडं कुठं तर डेहराडूनला मोठं इनडोअर रिंक आहे, २०११ च्या साउथ एशियन विंटर गेम्ससाठी बांधलेलं. मधली बरीच वर्षं ते बंद पडलं होतं, मला ह्या गोष्टीचा फार त्रास व्हायचा, आमच्या डोळ्यांसमोर दोन चांगली मुलं वय उलटून गेली. सिमल्याला थंडीत उघड्यावरचं रिंक गोठतं, लडाखला तर तळीच गोठतात, खेलो इंडिया विंटर गेम्सच्या आइसच्या स्पर्धा तिकडं होतात. कोल्हापूरहून हे सगळं लांब आणि खर्चाचं आहे, हे लपवत नाही. पण दहाव्या वर्षी बर्फ नाही मिळाला म्हणून काही बिघडत नाही. ह्या वयात पाया चाकांवरच होऊ दे.

त्या भेगेबद्दल. कोर्ट दुरुस्त होईपर्यंत थांबू नका. भेगा आहेत तिथं खडूनं जाड रेघ मारून तो भाग बाहेर ठेवा आणि वळणं उरलेल्या भागात घ्या, ट्रॅक छोटा झाला तर चांगलंच, शॉर्ट ट्रॅकला वळणंच जास्त. पावसाळ्यात मंगल कार्यालयांचे हॉल रिकामे असतात, आषाढात तर लग्नंच नसतात, आठ-दहा पालकांनी मिळून सकाळचे दोन तास मागितले तर बरेच मालक देतात. फरशीवर डाग पडतील म्हणून घाबरतात ते, त्यांना चाकं स्वच्छ पुसून दाखवायची, आणि फरशी गुळगुळीत असते म्हणून मऊ चाकं लावायची. बेअरिंगमध्ये पावसाची माती गेली की खरखर येते, ती काढून धुऊन पूर्ण वाळवून मगच तेलाचा एक थेंब. एकच. आमच्याकडं मुलं तेल ओततात आणि मग सगळी धूळ त्यालाच चिकटते.

आणि तो धक्का इनलाइनवर पण शिकवता येतो. सुरुवात उभ्या जागी. ज्याला ढकलायचं त्यानं गुडघे वाकवून कंबर घट्ट ठेवायची, सैल सोडली तर धक्का अंगातच जिरतो. ढकलणाऱ्यानं हात आधी टेकवायचे, मग ढकलायचं. धावत येऊन आपटायचं नाही. हेल्मेट, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड सगळ्यांना, मागच्याला पण.

---

रंकाळा_पहाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, एकेरीचं काय घेऊन बसलात, तुम्ही लिहिलेलं रात्री बाबांना पण वाचून दाखवलं, ते पण गंगावेशचेच, तुमच्या वडिलांचं नाव सांगा म्हणायलेत.

पोरीला काल सगळं सांगितलं. भावांचं पण सांगितलं, डेब्रेसेनकरनं लिहिलंय तसंच, रूममेटच्या बाकाच्या गोष्टीसकट. ती जरा वेळ गप्प बसली, मग विचारते, "धाकट्याला मेडल मिळालं तेव्हा थोरल्यानं टाळ्या वाजवल्या काय?" मला उत्तर येईना. मग स्वतःच म्हणाली, वाजवल्या असतील, त्यानंच तर ढकललं असणार त्याला लहानपणी.

आज पहाटे कोर्टवर खडूनं रेघ मारली. चार पोरी आल्या होत्या. आठ_चाकं सर, तुम्ही सांगितलं तसं उभ्या जागी सुरुवात केली, पहिल्या तीन-चार वेळा नुसतं हसणं आणि लटपटणं, कुणाची कंबर घट्ट राहीना. पाचव्या वेळी माझ्या लेकीनं मागनं हात टेकवले, थांबली, आणि ढकललं, आणि पुढची पोरगी पार कोर्टच्या टोकापर्यंत पाय न हलवता गेली. तिकडनं ओरडली, आता माझी पाळी, आता मी ढकलणार.

सर, मऊ चाकं म्हणजे नेमकी कितीची घ्यायची तेवढं सांगा, आषाढाच्या आधी मागवून ठेवतो.

---

आठ_चाकं

हॉलच्या फरशीला ८२ ते ८४ ए, हा चाकाच्या कडकपणाचा आकडा. चाकावरच छापलेलं असतं, बघून घ्या. आणि चारीजणींची एकदमच मागवा, म्हणजे रिलेला सगळ्यांची पकड सारखी राहील.